घरच्या पोर्चमध्ये ईव्ही चार्जर: पंधरा अँपियरचा प्लग पुरेल की ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स हवाच?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी येते आहे, ४५ युनिट बॅटरीची. गाडी कुठली घ्यावी हा प्रश्न संपला आहे, त्यामुळे त्यावर चर्चा नको ही विनंती. ती घरी चार्ज कशी करायची, एवढंच विचारायचं आहे.

साताऱ्यात स्वतंत्र घर आहे, सासऱ्यांनी १९९६ साली बांधलेलं. गाडी पोर्चमध्ये उभी राहते. मीटर पुढच्या भिंतीवर आहे आणि तिथून पोर्चच्या मागच्या खांबापर्यंत वायरच्या वाटेने साधारण १८ मीटर अंतर आहे. सिंगल फेज, मंजूर भार ३ किलोवॅट, घराचा वापर महिन्याला १८० युनिटच्या आसपास. मी कराडच्या कॉलेजात शिकवते. म्हणजे जाऊन-येऊन रोज शंभर किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस धरा.

शोरूमवाले म्हणतात ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर कायमचा बसवायचा चार्जर) गाडीबरोबर बसवून देतो. आमचा नेहमीचा वायरमन म्हणतो, "ताई, पोर्चमध्ये पंधराचा प्लग आहे ना, त्यालाच लावा की." सासऱ्यांना आगीची काळजी वाटते आणि ती मला अजिबात अनाठायी वाटत नाही.

माझं मत आधीच सांगते. जिथे वायरिंग जवळपास ३० वर्षांचं आहे तिथे भिंतीवर कोणता डबा लागणार हा शेवटचा प्रश्न असायला हवा. आधी अर्थिंग, मग वायर, मग डबा. पण ज्याला विचारावं तो डब्याबद्दलच बोलतो. म्हणून इथे विचारते: रोजच्या वापराला प्लग पुरेल का? मीटर वेगळा घ्यावा का? आणि घरातलं अर्थिंग खरंच चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

गाडीवान
अभिनंदन! ७.२ घ्या आणि विषय संपवा. कंपनी देतेय तर नाही कशाला म्हणायचं?

विजेचा_हिशोब
आधी आकडे मांडू.

हायवेवर एसी लावून अशी गाडी युनिटला ६ ते ७ किलोमीटर जाते. म्हणजे रोज १५-१६ युनिटं गाडीत भरायची. चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वाया जातात, तेव्हा भिंतीतून साधारण साडेसतरा युनिटं ओढली जातील. पंधराच्या प्लगवरचा चार्जर ३.३ किलोवॅटचा असतो. साडेपाच तास लागतील. रात्री १० ला लावलीत तर पहाटे चारच्या आत काम झालेलं असेल. रोजच्या धावपळीला ३.३ पुरतो, यात शंका नाही.

बिलाचं गणित मात्र वेगळं आहे. २५ दिवसांचे ४३५-४४० युनिट गाडीचे, १८० घराचे. बेरीज ६०० च्या वर. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत आणि वरचे टप्पे चांगलेच महाग आहेत. त्यामुळे तुमच्या बाबतीत वेगळ्या मीटरचा विचार करण्यासारखा आहे.

सुनंदाताई_वाई
म्हणजे ५०० च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने? मग तर परवडायचंच नाही.

विजेचा_हिशोब
नाही ताई, हा गैरसमज फार पसरलेला आहे. पहिल्या १०० युनिटांना पहिलाच दर लागतो, पुढच्या २०० ना दुसरा. ५०० च्या वर जी युनिटं जातात त्यांनाच सगळ्यात वरचा दर. पण गाडीची युनिटं ही घराच्या युनिटांवर रचली जातात, म्हणून ती नेमकी महागड्या टप्प्यात पडतात. खरी तुलना करायची तर घराचं बिल वेगळं काढा, गाडीसकट बिल वेगळं काढा, आणि दोन्हीतला फरक गाडीच्या युनिटांनी भागा. तो तुमचा गाडीचा खरा दर. मग तो विद्युत वाहन चार्जिंगच्या वेगळ्या वर्गवारीतल्या दराशी ताडून पाहा. त्या वर्गवारीत घरगुतीसारखे टप्पे नाहीत. स्थिर आकार दोन्हीकडे धरायला विसरू नका.

गाडीवान
@विजेचा_हिशोब, कागदावर सगळं पुरतं हो. पुण्याहून रात्री ९ ला परत आलात, बॅटरी १५ टक्क्यांवर, सकाळी ६ ला कराडला निघायचंय. मग ३.३ वर काय करणार?

विजेचा_हिशोब
नऊ तासांत भिंतीतून जवळपास ३० युनिटं, त्यातली २६ गाडीत. ४५ च्या बॅटरीत ते ५८ टक्के होतात. १५ मध्ये मिळवा, ७३ टक्क्यांवर निघाल. कराडला जाऊन परत यायला ३५ टक्के लागतात.

गाडीवान
बरं, हे मान्य. पण रात्री चार तास लाईट गेली तर?

विजेचा_हिशोब
तर पाच तासांत ३२ टक्के भर पडेल, ४७ वर निघाल. तरी पोचून परत याल. शिवाय हायवेवर चार्जिंग स्टेशनं आहेतच.

पाटील_डीबी
मी सांगलीचा परवानाधारक विद्युत ठेकेदार. गेली काही वर्षं ईव्हीची कामं बरीच करतोय. ताई, तुम्ही अर्थिंग पहिलं धरलंत हे वाचून बरं वाटलं, कारण गिऱ्हाईक ते कधीच विचारत नाही. सविस्तर लिहितो.

पोर्चमधला जुना प्लग वापरू नका. १९९६ च्या घरात त्या प्लगला बहुधा अडीच एमएमची वायर असते, कधी कधी ॲल्युमिनियमची, आणि तीच लाईन पुढे पाण्याच्या मोटारीला गेलेली असते. इस्त्री दहा मिनिटं चालते, गीझर वीस मिनिटं चालतो. गाडी सलग सहा तास चौदा-पंधरा अँपियर ओढते, रोज. सैल स्क्रू, जुना पत्रा, काळा पडलेला जोड, जो काही कच्चा दुवा असेल तो तिथे तापतो. प्लग वितळल्याच्या ज्या तक्रारी ऐकता त्यातल्या बहुतेकांत दोष गाडीचा नसतो, सॉकेटचा असतो. सहा आणि सोळा दोन्ही पिना बसतात ते सॉकेट तर मुळीच नको, त्याची पकड सैल असते. एकतर चांगल्या कंपनीचं फक्त १६ चं सॉकेट घ्या, नाहीतर निळं इंडस्ट्रियल.

मीटरपासून स्वतंत्र लाईन ओढा. मध्ये जोड नको. १५ अँपियरला ४ एमएम तांब्याची वायर चालते, १८ मीटरवर व्होल्टेज अडीच व्होल्टसुद्धा पडत नाही. पण मी सांगेन की ६ एमएम टाका. वायरच्या किमतीतला फरक थोडा आहे, मजुरी तेवढीच. उद्या ७.२ लावायचं ठरलं तर ३२ अँपियरलाही तीच वायर चालेल, ४० चा एमसीबी (ठरल्यापेक्षा जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) टाकला की झालं. आज १६ च्या सॉकेटला मात्र एमसीबी २० चाच ठेवा. वायर जाड आहे म्हणून एमसीबी मोठा टाकायचा नाही, सॉकेट जळेल तरी तो पडणार नाही.

आणि ही लाईन इन्व्हर्टरच्या पलीकडे नको. लाईट गेली की गाडी इन्व्हर्टरवर येते आणि इन्व्हर्टर बसतो.

आता ७.२ चं. तुमचा मंजूर भार ३ किलोवॅट. ७.२ म्हणजे एकटी गाडी ३२ अँपियर. वर गीझर लावला की ४० च्या पुढे गेलात, आणि सिंगल फेज साधारण ४० अँपियरच्या आतच मिळतो. म्हणजे भारवाढ, थ्री फेज, नवीन केबल, टेस्ट रिपोर्ट. शोरूमचा "फुकट" डबा यातलं काहीही देत नाही. वायरसुद्धा ठरावीक मीटरपर्यंतच त्यांच्या खर्चात असते, पुढचे पैसे तुमचे. ३.३ साठीही भार थोडा वाढवून घ्यावा लागेलच, तो ऑनलाइन अर्जाने होतो.

अर्थिंगवर दुपारनंतर लिहितो, साईटवर आहे.

खडकवासला७
वाचनखूण साठवली. पाटीलसाहेब, दुपारची वाट बघतोय.

आमच्या सोसायटीत वेगळंच प्रकरण आहे. मीटर रूमपासून माझं पार्किंग ६० मीटर. कमिटी म्हणते आधी सर्वसाधारण सभेत ठराव, मग आगीचा विमा, मग बघू. कुणाला यातून मार्ग काढल्याचा अनुभव आहे का?

कायद्याचं_बोला
@खडकवासला७, केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की वाहनमालक घरी किंवा कार्यालयात असलेल्या वीजजोडणीवरच गाडी चार्ज करू शकतो. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली, त्यानुसार चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते. त्याच दुरुस्तीत नवीन जोडणीची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस केली आहे. कृष्णाकाठ यांनाही हे लागू आहे, त्यांनी वेगळा मीटर मागितला तर "घरात एक मीटर आहेच" हे उत्तर पुरेसं नाही.

कमिटीकडे तोंडी बोलू नका. लेखी अर्ज, सोबत ठेकेदाराचं रेखाचित्र, केबल कुठून जाणार, कुठला एमसीबी, कुठला आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच). कमिटीतल्या माणसाला सही करताना स्वतःवर जबाबदारी येईल याची भीती असते. कागद नीट असला की ती बरीच कमी होते.

सेक्रेटरी_कोथरूड
मी कमिटीच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे एका सभासदाने जिन्यातल्या कॉमन लाईटच्या बोर्डातून एक्स्टेंशन ओढून स्कूटर लावली होती. त्याला थांबवलं तर "सरकार प्रोत्साहन देतंय आणि तुम्ही अडवताय" असं ऐकावं लागलं. नियमाप्रमाणे स्वतःच्या मीटरवरून, पाइपातून, परवानाधारकाकडून काम करणाऱ्या तीन जणांना आम्ही लगेच परवानगी दिली. सरसकट कमिट्यांना शिव्या देऊ नका.

खडकवासला७
@सेक्रेटरी_कोथरूड, शिव्या दिल्या नाहीत, मार्ग विचारला. पण तुमचा मुद्दा पटला. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावणाऱ्याला मीही अडवेन.

पाटील_डीबी
@खडकवासला७, ६० मीटरवर ३२ अँपियर न्यायचे तर ६ एमएमवर जवळपास १२ व्होल्ट पडतात, म्हणजे पाच टक्के. १० एमएम घ्या, सात व्होल्टवर येईल.

आता अर्थिंग.

१९९६ च्या घराचं अर्थिंग म्हणजे अंगणात कुठेतरी एक खड्डा, त्यात जीआय पाइप किंवा प्लेट, मीठ आणि कोळसा. इतक्या वर्षांत पाइप गंजलेला असतो, मीठ पावसाच्या पाण्याबरोबर वाहून गेलेलं असतं, आणि बरेचदा खड्ड्यावर फरशी घातलेली असते. घरातली सगळी उपकरणं त्यावरही चालतात, कारण पंख्याला नि टीव्हीला अर्थिंग नसलं तरी ते फिरतात, लागतात. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि खराब असेल तर लाल दिवा दाखवून बसतो. चालूच होत नाही.

आता जे लिहितोय ते कृपया सगळ्यांनी वाचा. लाल दिवा लागला की काही वायरमन काय करतात, तर सॉकेट उघडतात, अर्थची वायर काढतात आणि अर्थच्या पिनेला न्यूट्रल जोडून टाकतात. चार्जरला वाटतं अर्थिंग आलं. दिवा हिरवा. गिऱ्हाईक खूश, पाच मिनिटांत काम. हा जीवघेणा प्रकार आहे. खांबावरून येणारी न्यूट्रल वादळात, फांदी पडून, कधी माकडाच्या उडीने तुटते. तुटली की घरातल्या चालू उपकरणांमधून फेजचा दाब न्यूट्रलवर येतो, आणि न्यूट्रल तुम्ही गाडीच्या बॉडीला जोडलेली आहे. गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट. ओल्या पायांनी दार उघडायला गेलेला माणूस संपतो. आरसीसीबी वाचवेल म्हणाल तर अशा जोडणीत त्याच्यावरही भरवसा ठेवता येत नाही.

ताई, तुमच्या वायरमनला पहिला प्रश्न हाच विचारा: लाल दिवा लागला तर काय करशील? "न्यूट्रल मारतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

सुनंदाताई_वाई
बापरे. आमच्या पोर्चमध्ये स्कूटर चार्ज होते. आत्ताच्या आत्ता तपासून घेते.

थेम्सकाठी
पाटीलसाहेबांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. इथे इंग्लंडमध्ये बहुतेक घरांना अर्थ आणि न्यूट्रल एकाच तारेतून रस्त्यावरून येतात आणि ती तार तुटण्याचा धोका इथल्या नियमांनीही गंभीर मानला आहे. घराबाहेरच्या ईव्ही चार्जरसाठी त्या तुटीपासून संरक्षण घ्यावंच लागतं: चार्जरमध्ये तशी यंत्रणा असते, किंवा वेगळा अर्थचा रॉड ठोकतात. म्हणजे न्यूट्रल तुटून गाडीची बॉडी जिवंत होणं हा पुस्तकी धोका नाही.

अवांतर: २०२२ च्या जूनपासून इथे विकले जाणारे घरगुती चार्जर स्मार्ट असणं बंधनकारक आहे. ते मुळातच गर्दीची वेळ टाळून चार्ज करतात, आणि सगळ्या गल्लीतल्या गाड्या एकाच क्षणी सुरू होऊ नयेत म्हणून दहा मिनिटांपर्यंतचा उशीर आपोआप टाकतात. रात्रीचा दर दिवसापेक्षा बराच स्वस्त मिळतो.

न्यूजर्सीकर
अमेरिकेत २४० व्होल्ट, ५० अँपियरचं सॉकेट गॅरेजमध्ये लावायची पद्धत आहे. पण इथेही तीच गोष्ट: विजेच्या शेगडीसाठी बनवलेली स्वस्त सॉकेटं रोजच्या चार्जिंगने वितळली, म्हणून आता इलेक्ट्रिशियन वॉलबॉक्स थेट वायरला जोडायला सांगतात. सलग चालणाऱ्या लोडला सर्किटच्या ८० टक्केच वापर हा नियम आहे. पाटील यांनी ३२ ला ४० चा एमसीबी सांगितला तो त्याच हिशोबाने बसतो. शहराचं परमिट काढावं लागतं आणि इन्स्पेक्टर येऊन पाहून जातो. त्या वेळी कटकट वाटली, पण त्याने काम पास केल्यावर झोप शांत लागते.

जांभ्याचा_दगड
चिपळूणहून लिहितोय. आमच्याकडे घाटावरच्यापेक्षा दोन गोष्टी वेगळ्या.

पहिली, जांभा. पावसाळ्यात अर्थिंग छान, आणि एप्रिल-मे मध्ये दगड कोरडा पडला की चार्जर लाल दिवा दाखवायला लागतो. आम्ही दोन खड्डे घेतले, एकमेकांपासून लांब, आणि तांब्याच्या पट्टीने जोडले. एक मुद्दाम मोरीच्या सांडपाण्याजवळ घेतला, तिथे बारा महिने ओल असते. तेव्हापासून मे महिन्यातही त्रास नाही. विजांचा पट्टा असल्याने डीबीत (एमसीबींच्या पेटीत) सर्ज प्रोटेक्टरही टाकला आहे, अचानक उसळलेला दाब अडवायला.

दुसरी, पाणी. २२ जुलै २०२१ चा पूर आमच्यापैकी कुणी विसरणार नाही. आमच्या आळीत तळमजल्यातलं काही वाचलं नाही. म्हणून वॉलबॉक्स भिंतीवर कायमचा लावायच्या भानगडीत मी पडलो नाही. सॉकेट उंच भिंतीवर, त्याचा मेन स्विच वरच्या मजल्यावर, आणि चार्जर काढून नेता येईल असा. पावसाचा जोर वाढला की गाडी वरच्या रस्त्यावर नेऊन लावतो. नदीकाठच्या गावांनी हा विचार करावा.

माई_नागपूर
आणि आमच्याकडे ऊन! मे महिन्यात ४५ च्या वर पारा. वॉलबॉक्स पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, दुपारभर तापतो आणि मग स्वतःच करंट कमी करतो. उन्हातून आल्या आल्या गाडी लावत नाही, अकरानंतर लावते. गाडीच्या स्क्रीनवर वेळ लावून ठेवता येते, जागं राहावं लागत नाही.

घाटमाथा
अवांतर, पण साताऱ्याचा विषय आहे म्हणून. आमचं घर पाचगणीत. रात्री गाडी शंभर टक्के भरून सकाळी पसरणी घाट उतरायला लागलो की उतारावरची ऊर्जा गाडी घेतच नाही, बॅटरीत जागाच नसते. पायाखालचे ब्रेक जास्त वापरावे लागतात आणि सवय नसलेल्याला गाडी सैल वाटते. आता ८५ वर थांबवतो. वाईला पोचेपर्यंत एखाद-दोन टक्के वाढलेले असतात, पोरं दर वेळी टाळ्या वाजवतात.

गाडीवान
घाट उतरून पैसे कमवणारा पहिला माणूस पाहिला :)

पण शंभर टक्के भरू नये म्हणतात ते खरं का?

विजेचा_हिशोब
बॅटरीच्या प्रकारावर आहे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर कंपन्या उलट अधूनमधून शंभरपर्यंत सावकाश भरा म्हणून सांगतात. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे नेमकं किती उरलंय याचा अंदाज गाडीला वरच्या टोकाला पोचल्यावरच पक्का करता येतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८० च्या आसपास ठेवणं बरं. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते पाळा.

सूर्यघर_कोल्हापूर
सोलरचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. ३ किलोवॅट आणि त्यावरच्या घरगुती संचाला केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८ हजार अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो. कृष्णाकाठ यांचा घर आणि गाडी मिळून ६२० युनिटांचा वापर ५ किलोवॅटमध्ये जवळपास निघतो. छत स्वतःचं आहे, सोसायटीची परवानगी नको. वेगळा मीटर घेण्यापेक्षा मी हेच करेन.

विजेचा_हिशोब
मोठ्या वापराला सोलर हा चांगला उपाय आहे, सहमत. दोन गोष्टी तपासून मग करा. गाडी दिवसा कराडला असते, म्हणजे ती चार्ज होणार रात्रीच. सगळा भरवसा नेट मीटरिंगवर, म्हणजे दिवसा ग्रिडला दिलेली युनिटं बिलात वळती होण्यावर. आणि स्मार्ट मीटरवर आता वेळेनुसार दर येत आहेत, दिवसाची वीज स्वस्त. दिवसा दिलेलं युनिट रात्रीच्या युनिटासमोर कसं वळतं होतं, हे अर्जाआधी लेखी विचारून घ्या. शिवाय वेगळ्या मीटरवर गाडी टाकलीत तर घराच्या सोलरची युनिटं त्या मीटरला मिळणार नाहीत. म्हणून आधी ठरवा, सोलर की वेगळा मीटर.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. सोलर आणि वेगळा मीटर एकमेकांना छेद देतात हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

सासऱ्यांना पाटीलसाहेबांचा न्यूट्रलचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते दोनदा म्हणाले, "हेच, हेच विचारायचं होतं मला." त्यांचा आणखी एक प्रश्न आहे: चार्जिंग चालू असताना बॅटरीच पेटली तर? २०२२ मध्ये पुण्यात स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ त्यांच्या डोक्यातून जात नाही.

पाटील_डीबी
काकांची काळजी रास्त आहे. २०२२ च्या उन्हाळ्यातल्या त्या घटनांनंतर दुचाकींच्या बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या, एआयएस १५६ या सुरक्षा मानकाचे सुधारित नियम त्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. तुमच्या गाडीत एलएफपी बॅटरी असेल तर ती तापून भडकण्याच्या बाबतीत इतर प्रकारांपेक्षा सोशिक आहे. तरी पोर्चमध्ये चार्जरपाशी सिलिंडर, रद्दी, रंगाचे डबे ठेवू नका. मेन स्विच गाडीपासून लांब, घरातून हात पोचेल असा ठेवा, आणि काकांना तो कसा पाडायचा ते दाखवून ठेवा.

एक राहिलं. आरसीसीबी ३० मिलिअँपियरचा, फक्त या लाईनसाठी वेगळा. साधा एसी टाइपचा नको. गाडीच्या चार्जरमधून कधी डीसी करंट गळू शकतो आणि त्याने एसी टाइपचा आरसीसीबी आंधळा होतो. दुकानात ए टाइप मागा. वॉलबॉक्स घ्याल तेव्हा त्यात ६ मिलिअँपियरचं डीसी संरक्षण आहे का ते माहितीपत्रकात पाहा. नसेल तर बी टाइप लागेल, तो महाग असतो.

सुनंदाताई_वाई
पाटीलदादा, अर्थिंग चांगलं आहे हे ओळखायचं कसं, हा कृष्णाकाठताईंचा मूळ प्रश्न राहिला की! आमचा म्हातारा वायरमन फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून बघतो. ते बरोबर का?

पाटील_डीबी
ताई, बरं झालं आठवण केलीत. बल्ब मंद पेटला तर अर्थिंग नक्की खराब. पण पूर्ण पेटला म्हणून चांगलंच असं नाही, कारण बल्ब अर्धा अँपियरही ओढत नाही. शिवाय आरसीसीबी असेल तर बल्ब लावताक्षणी तो पडणार, आणि पडायलाच हवा.

मी असं करतो. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजायचं, दोन्ही जवळपास सारखे हवेत. मग गीझर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजायचा, दोन-तीन व्होल्टच्या आत असला तर छान. नेमका शून्य दिसला तर खूश होऊ नका, सॉकेट उघडून बघा, कुणी न्यूट्रल मारलेली असू शकते. शेवटी अर्थ टेस्टरने खड्ड्याचा रोध मोजायचा. ५ ओहमच्या आत आणायचा मी प्रयत्न करतो. आकडा बिलावर लिहून मागा, ज्याच्याकडे टेस्टर नाही तो तिथेच कळतो.

थेम्सकाठी
"शून्य दिसला तर खूश होऊ नका" हे वाक्य मोठ्या अक्षरात धाग्याच्या वर लावा, संपादक.

कृष्णाकाठ
ताजी खबर. आज दुसरे, परवानाधारक ठेकेदार टेस्टर घेऊन आले होते. जुन्या खड्ड्याचा रोध ३८ ओहम निघाला. पोर्चच्या प्लगला अडीच एमएमच वायर, आणि पाटीलसाहेब म्हणाले तसंच, तीच लाईन पुढे मोटारीला.

ठरलं ते असं. अंगणात नवा खड्डा. मीटरपासून पोर्चपर्यंत ६ एमएमची अखंड लाईन पाइपातून. पोर्चच्या बाजूला वेगळी छोटी डीबी, ए टाइप आरसीसीबी, २० चा एमसीबी, निळं सॉकेट. सुरुवात ३.३ वर. शोरूमला सांगितलं की वॉलबॉक्स आत्ता नको, त्याऐवजी पोर्टेबल चार्जर द्या. ते तयार झाले. मंजूर भार वाढवायचा अर्ज केला. मीटरबद्दल मात्र हा पावसाळा थांबणार, कारण सोलरवाल्याकडून लेखी उत्तर यायचं आहे.

एकच विचारायचं राहिलं: खड्डा मीठ-कोळशाचा की केमिकलचा? ठेकेदार केमिकल म्हणतात, सासरे मीठ-कोळसा.

जांभ्याचा_दगड
पाणी घालायला कुणी असेल तर मीठ-कोळसा, नसेल तर केमिकल.

पाटील_डीबी
+१. मीठ-कोळसा स्वस्त आणि चांगला, पण उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं आणि मीठ लोखंडाला खातं, म्हणून काही वर्षांनी उकरून बघावं लागतं. केमिकलला देखभाल कमी. तुमच्याकडे काका रोज अंगणात झाडांना पाणी घालत असतील तर त्यांचं ऐका. फक्त वर फरशी घालू देऊ नका, झाकणाचा चेंबर बांधून घ्या, आणि पहिल्या मे महिन्यात रोध पुन्हा मोजा. तो आकडा इथे टाका, जांभ्याशी तुलना करू.

कृष्णाकाठ
काका झाडांना पाणी घालतात, तेव्हा मीठ-कोळसा पक्का. मे मध्ये आकडा टाकते.